लाल फुली

शाळा सुटून कितीही वर्षे लोटली तरी शाळेतले सारेच काही मागे राहत नाही. कोणाला एखादी कविता आठवत राहते, कोणाला मधल्या सुटीतल्या चिंचा-बोरांची चव, तर कोणाला गुरुजींनी पाठीवर दिलेली शाबासकी. इंदूरच्या रामबागेत शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीच्या मनात मात्र राहून गेली होती एक लाल फुली. दहावीच्या सहामाही परीक्षेतील बीजगणिताच्या उत्तरावर ती ओढलेली होती, कागदाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. उदाहरण होते:

(क्ष – ३)(क्ष – ५) = ८

तिने लिहिले होते: ‘क्ष – ३ = ८ किंवा क्ष – ५ = ८. म्हणून क्ष = ११ किंवा क्ष = १३.’

आदल्याच आठवड्यात वर्गात फळ्यावर याच तऱ्हेचे एक उदाहरण सोडवून दाखवले होते. त्यात बरोबरच्या चिन्हापुढे शून्य होते, आणि कंसातील प्रत्येक पदावली शून्याबरोबर मांडून दोन उत्तरे काढली होती. तिने तेच केले होते. फक्त शून्याच्या जागी आठ होते, म्हणून आठ मांडले होते. मग चुकले कुठे? फुली बोलत नाही. चूक झाली एवढेच ती सांगते, का झाली ते सांगत नाही. वर्ग भरगच्च होता, तास संपत आला होता आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच ‘लक्ष कुठे होते?’ असा उलट प्रश्न येण्याचा तो काळ होता. तिने वही मिटली. वार्षिक परीक्षेत ती बाकी सर्व विषयांत उत्तीर्ण झाली, गणितात राहिली. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य माहेरच्या ट्रंकेबरोबर तिच्या सासरी आले.

वास्तविक तिचे सारे आयुष्य आकडेमोडीत चालले होते. समोर आलेल्या बाईचा बांधा पाहून ब्लाउजला किती कापड लागेल ते ती टेप न लावता सांगे. अस्तर किती, उतार किती, कापडाचा पन्हा कमी असेल तर बाही कुठून काढायची, हे सारे तिच्या मनात एका क्षणात जुळे. दिवाळीच्या आधी हातात किती कामे घ्यावीत, कोणाकडून आगाऊ पैसे घ्यावेत, कोणाची उधारी किती, याचा हिशेब तिला वहीत पाहावा लागत नसे. परंतु या साऱ्याला ती गणित म्हणत नव्हती. गणित म्हणजे ते, ज्यावर फुली पडते.

अशी बावीस वर्षे गेली. कदाचित पुढचीही तशीच गेली असती. पण एका संध्याकाळी काजे करता करता तिच्या कानावर शेजारच्या खोलीतले बोलणे आले. तिची मुलगी मैत्रिणीला सांगत होती, “आमच्या आईलाही गणित येत नव्हतं गं. मला कुठून येणार?” मुलीच्या आवाजात दुःख नव्हते. डोळ्यांचा रंग आईसारखा आहे असे सांगावे, तितक्या सहजपणे ती ते सांगत होती.

सुई बोटात रुतली. आपल्या उत्तरावरची ती फुली मुलीच्या वहीवर आपणच तर उमटवली नाही ना, या विचाराने त्या रात्री तिला झोप लागली नाही. दागिना, पैठणी, गोधडी या गोष्टी आईकडून मुलीकडे जातात, हे तिला ठाऊक होते. भीतीही अशीच जाते, हे तिला त्या दिवशी कळले. दुसऱ्या आठवड्यात तिने मुक्त विद्यालयाचा अर्ज भरला. तेथे वयाला वरची मर्यादा नव्हती. विषय निवडताना गणिताच्या पुढच्या चौकटीजवळ तिचे पेन क्षणभर थांबले; मग तिने ठाम हाताने खूण केली. दहावीचे प्रमाणपत्र तिला हवे होतेच. पण त्याहीपेक्षा तिला त्या वाक्याचा शेवट बदलायचा होता.

अभ्यासकेंद्रातील वर्ग रविवारी भरत. तेथे वीस वर्षांच्या मुलापासून पन्नाशीच्या गृहस्थापर्यंत सगळे एकाच बाकावर दाटीवाटीने बसत. गणित शिकवणारे सर निवृत्त शिक्षक होते. वर्गसमीकरणांचा पाठ सुरू झाला, तेव्हा तिने बावीस वर्षे जपून ठेवलेले ते उदाहरण कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले, आपल्या जुन्या उत्तरासह.

“सर, हे चूक आहे हे मला ठाऊक आहे. का चूक आहे, ते कळत नाही.”

सर हसले नाहीत. त्यांनी कागद वाचला आणि विचारले, “ताई, दोन संख्यांचा गुणाकार आठ आहे. त्या संख्या कोणत्या असतील?”

“दोन आणि चार.”

“आणखी?”

“एक आणि आठ.”

“आणखी?”

ती जराशी अडखळली. मग कापडाच्या मापांची सवय कामी आली. “अर्धा आणि सोळा.”

“शाबास. पाव आणि बत्तीसही चालतील. उणे दोन आणि उणे चारही चालतील. मग गुणाकार आठ आहे, एवढ्यावरून त्यांतली एक संख्या आठच असली पाहिजे, असं म्हणता येईल का?”

“नाही.” उत्तर देताना तिचा आवाज बदलला होता.

“बरं. आता गुणाकार शून्य आहे. संख्या कोणत्या?”

ती बराच वेळ गप्प राहिली. दोन आणि शून्य, शंभर आणि शून्य, उणे सात आणि शून्य. कोणतीही जोडी घेतली तरी एका बाजूला शून्य येऊन बसत होते. दोन्ही संख्या शून्याहून वेगळ्या घेऊन गुणाकार शून्य करता येतो का, हे तिने मनात करून पाहिले. ते जमेना.

“त्यांतली एक तरी शून्य असायलाच हवी,” ती म्हणाली.

“तुमच्या फुलीचं उत्तर तेच,” सर म्हणाले. “हे सामर्थ्य फक्त शून्यात आहे. आठात नाही, दहात नाही, एकातही नाही. म्हणून आधी सगळं एका बाजूला आणायचं, दुसरी बाजू शून्य करायची आणि मगच अवयवांना हात घालायचा.”

मग त्यांनी तिच्याकडूनच ते उदाहरण सोडवून घेतले. कंसांचा गुणाकार केला, तेव्हा क्ष² – ८क्ष + १५ = ८ असे मिळाले. उजवीकडचे आठ डावीकडे आणले, तेव्हा क्ष² – ८क्ष + ७ = ० झाले. आता ज्यांचा गुणाकार ७ आणि बेरीज उणे ८ अशा दोन संख्या हव्या होत्या. उणे १ आणि उणे ७. म्हणून (क्ष – १)(क्ष – ७) = ०. आणि आता, केवळ आताच, म्हणता येत होते: क्ष – १ = ० किंवा क्ष – ७ = ०. क्ष = १ किंवा क्ष = ७.

“ताळा पाहा,” सर म्हणाले.

सातातून तीन गेले चार, सातातून पाच गेले दोन. चार दुणे आठ. एकातून तीन गेले उणे दोन, एकातून पाच गेले उणे चार. त्यांचाही गुणाकार आठ. मग तिने आपले जुने उत्तर तपासले. अकरातून तीन गेले आठ, पाच गेले सहा. आठ सक अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस म्हणजे आठ नव्हे. त्या दिवशी ताळा पाहिला असता, तर फुली पडण्याआधीच तिची चूक तिला दिसली असती. तो पाहायचा असतो, हे मनावर कोणी ठसवले नव्हते, एवढेच.

त्या दिवशी घरी जाताना राजवाड्यापुढची गर्दी तिला जाणवलीही नाही. उदाहरण सुटल्याचा आनंद होताच. पण त्याहून मोठा दिलासा निराळाच होता. तिची चूक मूर्खपणाची नव्हती. त्या चुकीमागे एक विचार होता; फक्त जो नियम एकट्या शून्याचा, तो तिने आठाला लावला होता. कारण कळलेली चूक ओझे होऊन राहत नाही, ती ज्ञान होते.

हे शून्य काही एका दिवसात माणसाच्या हाती लागले नाही. ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ रचला. शून्य ही एक संख्या मानून तिच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम त्याने त्यात दिले. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले तर शून्य येते, हा त्यांतलाच एक. धन संख्येला त्याने ‘धन’ म्हटले आणि उणे संख्येला ‘ऋण’, म्हणजेच कर्ज. आपण आजही तेच शब्द वापरतो. उधारीची वही सांभाळणाऱ्या तिला हे शब्द पाठ करावे लागले नाहीत. देणे आणि येणे दोन्ही एका पानावर मांडून हिशेब शून्यावर आणायचा, ही गोष्ट ती रोजच करत होती. समीकरण एका बाजूला आणणे म्हणजे हिशेब चुकता करण्याची तयारी, असे तिने स्वतःपुरते ठरवून टाकले.

समीकरणाकडे अवयवांच्या गुणाकाराच्या रूपात पाहण्याची दृष्टी मात्र पुष्कळ नंतरची. टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाचा बीजगणितावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ साली प्रसिद्ध झाला. समीकरणे लहान अवयवांच्या गुणाकारातून कशी घडतात, हे त्यात मांडून दाखवले होते. १६३७ मध्ये फ्रान्सच्या देकार्तनेही आपल्या भूमितीच्या ग्रंथात हाच विचार मांडला. शून्याला संख्येचा मान मिळाल्यापासून येथवर यायला हजार वर्षे लागली. ज्या गोष्टीला मानवजातीला इतका काळ लागला, ती एका मुलीला पस्तीस मिनिटांच्या तासात समजली नाही, तर त्यात तिने लाजावे असे काय होते?

आता तिचा अभ्यास शिलाई मशीनजवळच चालू लागला. भिंतीवर खडूने ती रोज एक वर्गसमीकरण लिहून ठेवी आणि पायाने मशीन चालवता चालवता दोन संख्या शोधत राही. गुणाकार १२ आणि बेरीज ७: तीन आणि चार. गुणाकार १२ आणि बेरीज ८: दोन आणि सहा. गुणाकार उणे १२ आणि बेरीज १: चार आणि उणे तीन. हळूहळू तिला खुणा कळू लागल्या. शेवटचे पद धन असेल, तर दोन्ही संख्यांची चिन्हे सारखी. मग ती धन की ऋण, हे मधले पद सांगते. शेवटचे पद ऋण असेल, तर एक संख्या धन आणि दुसरी ऋण. ज्या संख्येचा आकडा मोठा, तिचे चिन्ह मधल्या पदाला मिळते. गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून त्याच्या मनातला नमुना ओळखण्याची तिला सवय होती. येथेही मधले आणि शेवटचे पद बोलत होते. ऐकणारा हवा होता.

एके रात्री मुलगी वही घेऊन मशीनजवळ आली. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडायचे होते. “नियम पाठ आहे गं आई, पण असं का करायचं तेच कळत नाही,” ती वैतागून म्हणाली. आईने उत्तर दिले नाही. गोधडीसाठी साठवलेल्या चिंध्यांचे गाठोडे तिने सोडले. एक मोठा चौकोन कापला आणि म्हणाली, “याची बाजू मोजायची नाही. हिलाच क्ष म्हणायचं.” मग त्याच लांबीच्या, एक इंच रुंदीच्या पाच पट्ट्या कापल्या आणि एकेक इंचाचे सहा बारके चौकोन. “आता यांचा एक सलग आयत जोड. मध्ये फट राहता कामा नये आणि तुकडा उरता कामा नये.”

मुलीने चार पट्ट्या एका बाजूला लावल्या, एक खाली लावली. कोपऱ्यात जी जागा राहिली, तिच्यात चारच बारके चौकोन मावले. दोन हातात उरले. तिने पट्ट्या उचलल्या. तीन एका बाजूला, दोन खाली. आता कोपऱ्यातली जागा तीन गुणिले दोन, म्हणजे सहा चौकोनांची झाली. शेवटचा तुकडा बसवताच आयत पुरा झाला. त्याची एक बाजू होती क्ष + ३ आणि दुसरी क्ष + २.

“म्हणजे पट्ट्या पाचच हव्यात आणि कोपरा सहाचाच भरायला हवा,” मुलगी स्वतःशीच पुटपुटली. “म्हणून बेरीज पाच आणि गुणाकार सहा!”

त्या दोघींना ठाऊक नव्हते, पण त्या रात्री त्या फार जुन्या वाटेने चालत होत्या. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनियातील लेखनिक मातीच्या पाट्यांवर आयताची लांबी-रुंदी शोधण्याची अशीच उदाहरणे सोडवीत असत. नवव्या शतकात बगदादमधील विद्वान अल्-ख्वारिझ्मी याने वर्गसमीकरणाच्या उकली पटवून देण्यासाठी चौकोन आणि आयत काढून दाखवले होते. जे हाताने जोडून पाहता येते, ते डोक्यात अधिक काळ टिकते.

पुढे एका गिऱ्हाइकाने गोधडी शिवायला टाकली. कापड अठ्ठेचाळीस चौरस फूट भरत होते आणि लांबी रुंदीपेक्षा दोन फूट जास्त हवी होती. तिने खडूने भिंतीवर लिहिले: क्ष(क्ष + २) = ४८. बावीस वर्षांपूर्वीच्या मुलीने येथे ‘क्ष = ४८’ लिहिले असते. आता मात्र तिने आधी हिशेब शून्यावर आणला: क्ष² + २क्ष – ४८ = ०. मग (क्ष + ८)(क्ष – ६) = ०. क्ष = ६ किंवा क्ष = उणे ८. उणे आठ फूट रुंदीची गोधडी कोणी पांघरत नाही. म्हणून रुंदी सहा फूट आणि लांबी आठ फूट.

येथे तिला एक शंका आली. समीकरणाने दोन उत्तरे दिली आणि आपण एक टाकून दिले. असे करण्याचा आपल्याला अधिकार आहे का? रविवारी तिने हे विचारले, तेव्हा सरांनी वर्गाला भास्कराचार्यांची माकडे सांगितली.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचे तो सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. अशा या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात एका कळपातील माकडांच्या आठव्या भागाचा वर्ग करावा, तेवढी माकडे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा डोंगरावर आहेत. कळपात माकडे किती? समीकरण मांडले की क्ष² – ६४क्ष + ७६८ = ० असे होते; अवयव पडतात (क्ष – ४८)(क्ष – १६). अठ्ठेचाळीसचा आठवा भाग सहा, त्याचा वर्ग छत्तीस, आणि बारा मिळून अठ्ठेचाळीस. सोळाचा आठवा भाग दोन, त्याचा वर्ग चार, आणि बारा मिळून सोळा. दोन्ही उत्तरे खरी आणि भास्कराचार्यांनी ती दोन्ही मानली.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडे गुहेत गेली आहेत आणि एक फांदीवर दिसत आहे. येथे क्ष² – ५५क्ष + २५० = ० होते; उत्तरे ५० आणि ५. पण पाचाचा पाचवा भाग एक. त्यातून तीन वजा केले तर उरतात उणे दोन माकडे. भास्कराचार्यांनी पाच हे उत्तर स्वीकारले नाही. प्रत्यक्ष वस्तूंच्या बाबतीत ऋण संख्या लोकांना पटत नाही, असे कारण त्यांनी दिले.

“समीकरण आपलं काम चोख करतं,” सर म्हणाले. “जी जी उत्तरं शक्य आहेत, ती सगळी पुढं ठेवतं. त्यांतलं कोणतं ठेवायचं, हे माणसानं परिस्थिती पाहून ठरवायचं. पण आधी दोन्ही काढायची. न काढताच टाकून देणं वेगळं, आणि काढून, पारखून बाजूला ठेवणं वेगळं.”

या शब्दांचा अर्थ तिला लवकरच पुन्हा भेटला. मुलीच्या घटक चाचणीत क्ष² = ५क्ष हे उदाहरण आले होते. मुलीने दोन्ही बाजूंना क्षने भागले होते आणि उत्तर लिहिले होते: क्ष = ५. त्यावर फुली होती. तीच लाल फुली, पिढी ओलांडून आलेली. मुलगी वही फेकून कोपऱ्यात बसली होती. “मी सांगितलं होतं ना, मला जमत नाही म्हणून.”

आई तिच्या शेजारी बसली. “पाच बरोबर आहे. ताळा पाहा, जुळतो. मग फुली का असेल?”

“ते मला काय ठाऊक?”

“तू दोन्ही बाजूंना कशानं भागलंस?”

“क्षनं.”

“क्ष किती आहे, ते तेव्हा ठाऊक होतं का?”

“नाही.”

“आणि तो शून्यच असला तर?”

मुलगी बोलायची थांबली. शून्याने भागता येत नाही, हे तिला माहीत होते. तिने वही उचलली, पाचक्ष डावीकडे आणले आणि लिहिले: क्ष² – ५क्ष = ०; क्ष(क्ष – ५) = ०. बराच वेळ ती त्या ओळीकडे पाहत राहिली. एका क्षणी तिचा चेहरा उजळला. “एक उत्तर शून्य आहे! मी भागून ते हरवून टाकलं होतं. आई, माझं सगळं चुकलं नव्हतं. अर्धंच हरवलं होतं.”

आईला काही बोलायचे सुचले नाही. शून्य हेही उत्तर असते. काही नाही असे समजून ते पुसून टाकायचे नसते. हे वाक्य तिच्या ओठांवर आले होते, पण ते समीकरणाबद्दल होते की आणखी कशाबद्दल, हे तिचे तिलाच उमगेना.

प्रत्येक समीकरणाचे अवयव असे सहज पडतात, असे नाही. क्ष² + २क्ष – ५ = ० घेतले तर ज्यांचा गुणाकार उणे पाच आणि बेरीज दोन, अशा पूर्ण संख्या कितीही शोधल्या तरी सापडत नाहीत. दोन रात्री ती त्या संख्यांच्या मागे होती. तिसऱ्या दिवशी सरांनी वर्ग पूर्ण करण्याची रीत दाखवली. श्रीधराचार्यांचा तो नियम भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त उद्धृत केला आहे आणि आजचे सूत्र त्याच वाटेने येते. काही गाठी बोटांनी सुटतात, काहींना सुई लावावी लागते, हे शिवणकाम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बोटांनी सुटली नाही म्हणून गाठीला दोष द्यायचा नाही आणि बोटांनाही नाही.

परीक्षेच्या दिवशी तिच्या बाकाच्या एका बाजूला एक रिक्षाचालक होता आणि दुसऱ्या बाजूला मिसरूड फुटलेला एक मुलगा. प्रश्नपत्रिकेत वर्गसमीकरण आले होते. तिने सर्व पदे एका बाजूला आणली, दुसऱ्या बाजूला ठळक शून्य काढले, अवयव पाडले, दोन्ही उत्तरे लिहिली आणि खाली एक ओळ सोडून ‘ताळा’ असा शब्द लिहिला. ताळ्याला वेगळे गुण नव्हते. तरीही तिने तो शेवटपर्यंत करून पाहिला. तो परीक्षकासाठी नव्हताच.

निकाल लागला. ती उत्तीर्ण झाली, गणितातही. गुण फार नव्हते, पण पुरेसे होते. गुणपत्रिका तिने पेटीत ठेवली. त्या संध्याकाळी एक मैत्रीण मुलीकडे वही घेऊन आली, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला, “थांब गं, एकदम भागू नकोस. आधी सगळं एका बाजूला आण. माझ्या आईनं शिकवलंय मला.”

मशीनचे चाक क्षणभर थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

माणसाच्या वहीवर फुली पडतच असते. ती का पडली, हे विचारायला कोणी बारा वर्षांचे असताना धजते, कोणी चाळिशीत. प्रश्न विचारायला उशीर झाला, म्हणून तो विचारण्याचा हक्क जात नाही. आठ आणि शून्य यांच्यातला जो फरक त्या स्त्रीला बावीस वर्षांनी कळला, तो कळताच तिची जुनी वही आपोआप दुरुस्त झाली. आणि तिच्या मुलीच्या वहीत त्या फुलीच्या शेजारी आता दोन उत्तरे लिहिलेली आहेत: शून्य आणि पाच.